कागदाचे भावोजी

वन्सं,

हे पत्र तुम्हाला आवडणार नाही. नाही आवडलं तर अर्ध्यावर ठेवून द्या, पण मग फोन करून "वहिनी, तुला एवढं काय लागलं होतं?" असं विचारू नका. मला लागलं आहे. दोन वर्षं झाली, अजून लागतंच आहे. चांगल्या माणसावर लिहायला बसलं की लोक हळवे होतात म्हणे. मला राग येतो. तुमचा येतो, माझ्या चिरंजीवांचा येतो, आणि आणखी एका बाईचा येतो, तिच्याकडे शेवटी वळते.

हे पत्र छापायला देणार आहे; वाचणाऱ्यांना तुमची ओळख करून द्यायला हवी, म्हणून तुम्हाला माहीत असलेलंच तुम्हाला सांगते. तुम्ही माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण. एकतीस वर्षं हॉस्पिटलचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटिंगला होतात. पहिले सहा महिने तिथले कारागीर तुम्हाला नुसतं "बाई" म्हणत. मग त्यांच्यातल्या एका शहाण्याने चाळीस थरांचं कापड चुकीच्या मापाने कापून ठेवलं, आणि मालक येण्याआधी तुम्ही त्यातूनच लहान मापाचे चाळीस कोट बेतून दाखवलेत. तेव्हापासून तुम्ही "मास्तर". गळ्यात टेप घालून तुम्ही बँकेत जात असा, लग्नाला जात असा. आणि कापडाला कात्री लावण्याआधी कागदाचा पॅटर्न काढायचा, हा तुमचा नियम. साधी उशीची खोळसुद्धा तुम्ही आधी कागदावर काढता. मी हसले की म्हणायचात, "कागद फुकट गेला तर रद्दी होते वहिनी, कापड फुकट गेलं तर बोलणी खावी लागतात."

तुमचे यजमान, म्हणजे माझे भावोजी, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. जन्मभर वाकून काम केलं आणि म्हातारपणी त्यांचा कणा वाकेनासाच झाला. मणके एकमेकांना चिकटत गेले. मान तर अशी ताठ, की कुणी हाक मारली तर त्यांना सगळंच्या सगळं वळावं लागे. "मी आता फार मानी झालोय," असं स्वतःच म्हणत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं: शहराच्या त्या टोकाला हॉस्पिटलमध्ये कोमट पाण्याचा तलाव आहे, आठवड्यातून दोनदा त्यात चालायचं. चालत राहिले तर पाय राहतील. नाही तर कणा गेला तसे कंबर आणि पायही आखडतील.

पाण्यात भावोजी एकटे चालत. कुणाचा हात नाही, काठी नाही. मी एकदा काचेबाहेरून पाहिलं होतं. छातीपर्यंत पाणी, आणि ते पाठमोरे, एखाद्या दिवाणासारखे ऐटीत चाललेले.

अडचण होती ती तिथे पोचण्याची. टॅक्सीवाले घाई करत, दंडाला धरून ओढत. तुमची जुनी छोटी गाडी म्हणजे भावोजींना जमिनीवरच बसल्यासारखं, शिवाय सिग्नलला उभी राहिली की इंजिन असं थरथरायचं की ते डोळे मिटून घेत. मला कुणी उचलायचं नाही, ही त्यांची एकच अट. "उचललं तर मी सामान झालो," असं म्हणाले होते. घरात त्यांची खुर्ची सुताराकडून वीस इंच उंचीची करून घेतलेली होती. वीस इंचांवरून ते काठीच्या जोरावर आपले आपण उठत. एकोणीसवरून नाही. हे तुम्ही मोजून ठेवलं होतं, अर्थातच.

म्हणून गाडी घ्यायची ठरली. मधल्या आकाराची सेडान, कारण उंच गाड्यांत चढावं लागतं आणि लहान गाड्यांत उतरावं लागतं. हायब्रिड, कारण ती सिग्नलला गप्प उभी राहते. एवढं साधं होतं. पण आपल्या घरात साधं काही ठरू द्यायचं नाही अशी शपथ आहे ना!

"आत्या, नवीच घे," माझे चिरंजीव म्हणाले. ते मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ बघतात, त्यामुळे त्यांना सगळं कळतं. "वापरलेल्या हायब्रिडची बॅटरी म्हणजे लॉटरी. नवीला आठ वर्षं वॉरंटी आहे."

"आठ वर्षांनी तुझे काका ब्याऐंशीचे होतील," तुम्ही म्हणालात. "मला त्यांची वॉरंटी हवी आहे. ती कुठे मिळते ते बघ."

आणि तुम्ही भावोजींना भिंतीशी खुर्चीवर बसवून पेन्सिलने त्यांची कड काढलीत. डोकं, ताठ मान, पाठ, मांडी, गुडघा, टाच. पातळ पुठ्ठ्यावर ती उतरवलीत, कापलीत. बसलेले अख्खे भावोजी, एका बाजूने! खरे भावोजी म्हणाले, "पोट जरा जास्त दाखवलंस." तुम्ही म्हणालात, "कमीच केलंय."

ते कागदाचे भावोजी बगलेत मारून तुम्ही रस्त्याने चाललात तेव्हा मी दहा पावलं मागे राहिले होते. आज कबूल करते.

शोरूममधला तो चकचकीत बुटांचा मुलगा थेट आमच्या चिरंजीवांकडे गेला. "सर, बजेट काय आहे?"

"बजेट माझं आहे," तुम्ही म्हणालात. "सीट जमिनीपासून किती उंच आहे?"

"आजी, हिच्यात बारा इंचांचा स्क्रीन आहे!"

"स्क्रीनवर बसायचं नाहीये मला."

त्याने खुर्ची आणून दिली, पाणी आणून दिलं, गाणी लावून दाखवली. उंची त्याला माहीत नव्हती. कुणी विचारलीच नव्हती म्हणे! माणसं ज्या वस्तूत बसतात ती विकणाऱ्याला बसण्याची उंची माहीत नसावी? माझा संताप तिथून सुरू झाला. तुम्ही गळ्यातला टेप काढलात. अठरा. पुठ्ठा दारातून आत सरकवलात, तर छपराची कड कपाळाला लागत होती.

"हे काय आहे?" मुलाने विचारलं.

"माझा नवरा."

"मग साहेबांनाच घेऊन या ना एकदा."

"साहेब दुकानात उठून-बसून दाखवत नाहीत. ते विकायला नाहीत."

तीन शोरूम झाले. सगळीकडे तेच. नव्या गाड्यांचं छप्पर मागे उतरतं करायची फॅशन आली आहे, दिसायला झेप घेतल्यासारखं दिसतं. कुणाला कुठे झेप घ्यायची होती? आपल्याला तलावावर जायचं होतं.

मग तुमच्या ओळखीच्या मेकॅनिकने ती सापडवली. पाच वर्षं वापरलेली, एका दाताच्या डॉक्टरीणबाईंची, आधीच्या घडणीची. दार सरळसोट उभं, छप्पर सपाट, सीट वीस आणि वर एक बोट. पुठ्ठा आत गेला आणि डोक्यावर चार बोटं जागा राहिली. मेकॅनिकने आपलं यंत्र लावून बॅटरीचा एकेक भाग तपासला, मागच्या सीटशेजारची, बॅटरीला हवा देणारी जाळी काढून दाखवली. जाळी धुतल्यासारखी स्वच्छ. "बाईंनी जपली आहे. अजून पाच-सहा वर्षं बघायला नको," तो म्हणाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सोमवार संध्याकाळपर्यंत कुणाला देत नाही.

त्या दिवशी तुम्ही मला चहा पाजलात आणि कपावर कप ठेवत स्वतःशीच हसलात. तुम्हाला इतकं खूश मी फार वेळा पाहिलेलं नाही.

शनिवारी चिरंजीव तुमच्याकडे आले. "आत्या, तो पुठ्ठा दे. एक शेवटचं बघून येतो." रविवारी दुपारी फोन. "मिळाली! नवी कोरी! हिची सीट बटणाने वर होते, बरोब्बर वीस येते. पुठ्ठा लावून बघितला, बसतो. महिनाअखेरची सवलत आजच संपतेय, मी माझ्या खिशातून पैसे भरून टाकलेत."

तुम्ही एकच प्रश्न विचारलात. "डोकं?"

"बसतं म्हटलं ना!"

दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर तुम्ही टेप घेऊन धावला असता. पण पुठ्ठा लावला होता, आणि तो पुठ्ठा तुमच्या हातचा होता. एकतीस वर्षांत तुमच्या पॅटर्नने कधी दगा दिला नव्हता. सोमवारी तुम्ही डॉक्टरीणबाईंना नाही म्हणून कळवलंत. मंगळवारी त्यांची गाडी गेली.

नवी गाडी दारात आली त्या सकाळी चिरंजीवांचा चेहरा असा फुलला होता, की परीक्षेत पहिला आल्यावरही फुलला नसता. आलाच नव्हता कधी, ते वेगळं. शेजारी गोळा झाले. त्याने डिकीतून पुठ्ठा काढून तुमच्या हातात दिला. "घे, तुझे कागदाचे काका."

मी तुमच्या शेजारी उभी होते. तुमचा अंगठा पुठ्ठ्याच्या कडेवरून फिरला, मानेपाशी आला आणि थांबला. मानेवर घडी होती. बारीकशी, पण घडी. तुम्ही ती दोनदा चाचपलीत. मी बघितलं आणि मला काही कळलं नाही. तुम्हाला मात्र सगळं कळलं होतं, वन्सं. बटणाने सीट वर केली होती, म्हणून डोकं छपराला लागलं होतं, म्हणून त्याने पुठ्ठ्याची मान वाकवली होती.

आणि तुम्ही काय केलंत? पुठ्ठा भिंतीला टेकवून ठेवलात आणि म्हणालात, "बसा हो. बघू या."

सीट वर असताना भावोजींचं कपाळ दारालाच आपटलं. मग ती खाली घेतली. ते घसरत आत गेले, चौकाला वळसा घालून परत आले. आणि उठता येईना. काठी रोवली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. शेजारीपाजारी आधी हसत होते, आणि मग मदतीला धावले. ते सगळ्यात वाईट. चिरंजीवांनी आणि शेजारच्या दोघांनी काखेत हात घालून त्यांना बाहेर ओढलं. भावोजींनी शर्ट सारखा केला. "गाडी छान आहे," म्हणाले आणि आत गेले. पुन्हा त्या गाडीत ते बसले नाहीत. टॅक्सीतही नाही. तलाव तिथेच संपला.

त्याच संध्याकाळी मी चिरंजीवांना समोर उभं केलं. "तू मान वाकवलीस?"

"आई, एवढीशीच गं. दोन बोटं."

"दोन बोटं वाकली असती तर आपण गाडी कशाला शोधत होतो रे?"

तो रडला. त्याचं आत्यावर प्रेम आहे, हे मला ठाऊक आहे. प्रेम असलं की माप घ्यायला नको, असं त्याला कुणी शिकवलं? मीच शिकवलं असणार.

पण त्याच्यापेक्षा जास्त मी तुमच्यावर चिडले. "घडी दिसली होती ना? मग बोलला का नाहीत?"

"पोराचं तोंड बघितलंस ना? कसं सांगायचं?"

"पोर एक्केचाळीस वर्षांचं आहे, त्याला लांबचा-जवळचा असे दोन्ही चष्मे आहेत!"

कारखान्यात मालकाला तोंडावर "हे माप चूक आहे" म्हणणाऱ्या मास्तर तुम्ही! परक्यांना ठणकावत आलात आणि भाच्यापुढे गप्प बसलात. आपण बायका हे काय करून ठेवतो? घरातल्या पुरुषाचा हिरमोड होऊ नये म्हणून घरातल्याच दुसऱ्या पुरुषाचे पाय घालवतो आणि त्याला समजूतदारपणा म्हणतो. मला हा समजूतदारपणा नको आहे. मला तो कधीच नको होता.

आता त्या आणखी एका बाईकडे वळते.

पाच महिन्यांनी मेकॅनिकने तशीच दुसरी गाडी शोधली. आधीच्याच घडणीची, दोन तासांवरच्या गावात, एका निवृत्त ग्रंथपालांकडे. ग्रंथपाल भले गृहस्थ. म्हणाले, तुमची गाडी माझ्याकडे ठेवा, माझी एक दिवस घरी घेऊन जा, त्यांना बसवून बघा. भावोजीही कबूल झाले. "पुरुष कुणी नको. तुम्ही दोघीच असा. उठता आलं तर उठेन, नाही तर तिथेच राहायला लागेन, जेवण गाडीत आणून द्या." पाच महिन्यांत त्यांनी केलेली ती पहिली थट्टा.

आणि तुम्ही मला फोन केलात. "वहिनी, तू चल माझ्याबरोबर. गाडी मी चालवीन, पण बघायचं तू. माझ्या मापावर माझा भरवसा राहिला नाही."

ते वाक्य ऐकल्यावर मी चप्पल घालून निघायला हवं होतं. मी काय म्हणाले? "या गुरुवारी माझं वाचक मंडळात भाषण आहे हो. पुढच्या गुरुवारी नक्की." पुढच्या गुरुवारी माझी दाढ दुखत होती. त्याच्या पुढच्या गुरुवारी काय होतं ते मला आठवतसुद्धा नाही. एवढं ते महत्त्वाचं असणार! तुम्ही दर वेळी "बरं" म्हणालात. एकदाही आवाज चढवला नाहीत. एकटीने जाऊन आला नाहीत. माझी वाट बघत राहिलात.

चौथ्या आठवड्यात भावोजी वीस इंचांवरून उठेनात. सुताराने खुर्ची बावीस केली, तरी उठेनात. कंबर आखडली, डॉक्टर म्हणाले, आता उचलावंच लागेल. गाडीचा प्रश्न आपोआप मिटला. ग्रंथपालांना फोनसुद्धा कुणी केला नाही. त्यांना वाटलं असेल, काय माणसं आहेत.

त्या दाढदुखीच्या गुरुवारी सकाळी साडेनऊला निघायचं होतं, वन्सं. तुम्ही गाडी घेऊन येणार होतात, आणि फाटकाशी मी तयार उभी राहीन असं मीच म्हटलं होतं.