कोरड्या घशाची ड्युटी

आम्रपालीताईंनी कंडक्टर म्हणून माझ्या बसवर बरीच वर्षं काढली, पण स्वतःसाठी गाडी कधी थांबवली नाही. एक बेल मारली की थांबायचं, दोन मारल्या की सुटायचं, एवढीच आमची भाषा. मी लोणी काळभोरचा संपत, स्टिअरिंगवर. आणि त्या मागे, बिबवेवाडी ते हिंजवडी, आयटीवाल्या पोरांच्या बॅगांमधून वाट काढत तिकिटं फाडणार.

घरानं बुद्धधम्म स्वीकारल्यानंतर जन्मलेली ही पहिली मुलगी, म्हणून आजोबांनी हौसेनं आम्रपाली नाव ठेवलं. नवरा कंडक्टर होता. तो गेला आणि त्याच्या जागेवर ताई लागल्या. पदर खोचून त्यांनी मुलाला, सौरभला, इंजिनिअर केलं. तोंडाच्या मात्र तिखट. ‘गाडी एवढी हळू का?’ असं कुणी विचारलं, की म्हणायच्या, ‘पटकन जायचंय? उतरून ढकला.’

आता खरी गोष्ट. आमच्या रूटला दोन्ही टोकांना बायकांसाठी सोय नव्हती. आम्ही पुरुष काय, भिंत दिसली की मोकळे. ताईंनी उपाय काढला होता: ड्युटीवर पाणीच प्यायचं नाही. बरोबर बाटली असायची, ती गाडीत रडणाऱ्या लेकरांसाठी. दिवसभर उभं राहून गुडघे ठणकायचे, त्यावर मेडिकलमधली दुखण्याची गोळी. सगळ्या कंडक्टर बायका हेच करायच्या आणि वर त्याचा अभिमान बाळगायच्या.

एक दिवस ताईंच्या छातीत कळ आली. अँजिओग्राफी झाली, बायपास ठरलं. त्या हॉस्पिटलात नवीन पद्धत होती. वय, वजन, रिपोर्ट कॉम्प्युटरला सांगायचे, मग ऑपरेशननंतर किडन्या बंद पडण्याचा धोका किती ते तो सांगायचा. ताईंचा धोका कमी निघाला. सौरभ खूश. ‘काका, कॉम्प्युटरनंच सांगितलंय,’ म्हणाला. पोरगं दिवसभर त्याच धंद्यात, विश्वास ठेवणारच.

संध्याकाळी आनंदी नावाच्या भूलतज्ज्ञ डॉक्टर आल्या. खुर्ची ओढून ताईंजवळ बसल्या.

‘औषधं कोणती घेता?’

‘कोणतीच नाही.’

‘ड्युटी किती तासांची?’

‘ट्रॅफिक ठरवेल तेवढी.’

‘मग लघवीला कुठे जाता?’

सौरभ जमिनीकडे बघायला लागला. इतक्या तपासण्या झाल्या, पण हे कुणी विचारलंच नव्हतं.

‘जात नाही,’ ताई म्हणाल्या.

‘पाणी?’

‘घरी गेल्यावर.’

‘आणि अंग दुखलं की गोळी? रोज?’

‘रोज कुठे? ड्युटी असते तेव्हाच!’

डॉक्टर हसल्या नाहीत. सौरभला म्हणाल्या, ‘कॉम्प्युटर बरोबरच बोलतो. पण हे त्याला कुणी सांगितलंच नाही. कोरडं राहून आणि गोळ्या खाऊन किडन्या आधीच दमल्यात. त्यावर आता अँजिओग्राफीचं औषध गेलंय, तेही किडन्यांना जड जातं. लगेच ऑपरेशन केलं, तर हृदय सुधारेल आणि तुमच्या आई डायलिसिसला लागतील.’

सकाळी रक्त पुन्हा तपासलं. किडनीचा आकडा चढला होता. ऑपरेशन पुढे ढकललं.

‘पण मॅडम, मध्येच हृदयानं दगा दिला तर?’ सौरभनं विचारलं.

‘धोका दोन्हीकडे आहे. थांबण्यात कमी आहे. त्या इथेच राहतील, माझ्या नजरेसमोर.’

ताई उशीवरून म्हणाल्या, ‘डॉक्टर, गाडी आता तुमची. डबल बेल तुम्हीच मारायची.’

गोळ्या बंद झाल्या, पाणी मोजून सुरू झालं. आकडा उतरला तेव्हा ऑपरेशन केलं. त्यानंतर मी आणि सौरभ काचेपलीकडून ताईंच्या खाटेला लटकलेल्या लघवीच्या पिशवीकडे बघत बसलो. देवळात गाभाऱ्याकडेही मी एवढ्या भक्तीनं बघितलं नसेल. पिशवी हळूहळू भरायला लागली. सौरभ रडला, आणि कशाला खोटं बोलू, मीही रडलो. आत सोडलं तेव्हा मी ताईंना म्हणालो, ‘ताई, काळजी नको, समदं झकास हाय!’

‘कशाकडे बघून म्हणताय ते कळतंय मला,’ ताई म्हणाल्या.

बऱ्याच महिन्यांनी त्या गाडीवर परतल्या. पहिल्याच दिवशी चांदणी चौकाच्या पुढे, भर गर्दीच्या वेळी, एक बेल वाजली. तिथे थांबा नव्हता. नुसता पेट्रोल पंप होता. मी आरशात पाहिलं. ताई रिकामी बाटली सीटवर ठेवून दाराकडे निघाल्या होत्या. मी गाडी बाजूला घेतली.

‘अहो, इथे स्टॉप आहे का?’ एक बॅगवाला ओरडला.

‘आजपासून आहे,’ ताई म्हणाल्या आणि ताठ मानेनं पंपाच्या टॉयलेटकडे चालू लागल्या.

मी इंजिन बंद केलं. लेडीज सीटवरच्या दोन मुली उठल्या, लॅपटॉपच्या बॅगा माझ्या सीटमागे ठेवल्या आणि ताईंच्या मागोमाग उतरल्या.