दारातली खुर्ची

विमलकाकूंनी आमच्या वाचनालयातलं एकही पुस्तक कधी उघडलं नाही.

आज त्यांच्यासाठी वाचनालय दिवसभर बंद होतं.

काल सकाळी छातीत दुखलं म्हणाल्या. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

आर्वीच्या बाहेरच्या मित्रमैत्रिणींना काकू माहीत नसतील, म्हणून लिहितेय.

आमच्या वॉर्डातलं वाचनालय म्हणजे समोर पेपरचं टेबल, तिथे सकाळपासून पुरुषमंडळी. मागे अभ्यासाची खोली, तिथे मुलं. मुली पुस्तक बदलायला यायच्या आणि उभ्याउभ्याच परत जायच्या.

काकूंची स्नेहा तलाठी परीक्षेची तयारी करत होती. घर एका खोलीचं. काकू तिला घेऊन वाचनालयात आल्या, दारातली खुर्ची ओढली आणि बसल्या.

संध्याकाळपर्यंत.

दुसऱ्या दिवशी परत.

मी तेव्हा नुकतीच बी.ए. झाले होते. घरात पहिलीच. मला पुढे परीक्षा द्यायच्या होत्या. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. ते म्हणाले, "दिवसभर तिथं बसाचं? तिथं कोन हाय आपलं?"

हे काकूंच्या कानावर गेलं. त्या सरळ आमच्या घरी आल्या.

"भाऊ, मी हाय ना तिथं. माही पोरगी बसते, तुमची बी बसन. मी दारातच रायतो."

बाबांनी हो म्हटलं. मग एकीचं पाहून दुसरीच्या घरच्यांनी. मागच्या खोलीतलं एक टेबल हळूहळू आम्हा मुलींचं झालं.

बाबा दुपारी फोन करायचे. अभ्यास किती झाला, हे कधीच विचारलं नाही. फक्त, "काकू हाय ना?"

"हो."

फोन बंद.

काकू सोबत पिशवी आणायच्या. कधी तूर निवडायची असायची, कधी मेथी. एकदा ग्रंथपाल दादा वैतागले. "काकू, हे वाचनालय हाय, भाजीबाजार नाई."

काकू म्हणाल्या, "मेथी काय बोलून राह्यली काय रे? गुपचूप पडून हाय बिचारी. तुहा पंखाच करकर करते."

पेपरच्या टेबलावरचे आजोबासुद्धा हसले. पंखा मात्र अजून तसाच आहे.

खिडकीबाहेर गाडी लावून कोणी उगाच उभं राहिलं की काकू उठून जायच्या. "काऊन रे, बाहेर उभं राहून पास होते काय? अंदर ये, पेपर वाच." त्यातला एक खरंच आत आला. आता तो रोज येतो.

आमच्यातल्या पहिल्या मुलीला तहसीलच्या नोकरीची ऑर्डर आली. तिने पेढे आणले, दारातच काकूंच्या पाया पडली. काकू म्हणाल्या, "माहं काही काम निंगालं तहसीलात, त मले लाईनीत उभी नोको ठेवजो."

स्नेहाचं मात्र दोनदा थोडक्यात राहिलं. मग लग्न ठरलं, ती हिंगणघाटला गेली.

आम्हाला वाटलं, आता काकू कशाला येतील?

लग्नानंतरच्या सोमवारी वाचनालय उघडलं तर काकू दारात. पिशवीत तूर.

दादा म्हणाले, "काकू, आता काऊन आल्या? पोरगी त गेली."

काकूंनी आमच्या टेबलाकडे बोट केलं.

"एक गेली. ह्या कोनाच्या हाय?"

त्या सातवी शिकलेल्या होत्या, वाचता येत होतं. मी एकदा म्हटलंही, काकू, एवढं बसता, एखादं पुस्तक घ्या ना.

"मी वाचत बसलो, त तुमच्याकडे कोन पाहीन?"

निघताना प्रत्येकीला तेच सांगायच्या. "घरी पोचली का मिस कॉल देजो व."

आणि खरंच, सगळ्यांचे मिस कॉल येईपर्यंत त्या जेवत नव्हत्या. हे मला आज स्नेहाने सांगितलं.

आज आम्ही सगळ्या जणी मोक्षधामापर्यंत गेलो.

तिथे आमच्यातल्या दोघी-तिघींचे वडील बाजूला उभे राहून बोलत होते. आता पोरींचं कसं करायचं. माझे बाबाही त्यांच्यात होते.

घरी आल्यावर आंघोळ झाली आणि बाबा म्हणाले, "आता घरीच कर अभ्यास. मोबाईलवर बी होते म्हनतात."

पुढच्या महिन्यात माझी परीक्षा आहे. आमच्या घरी वाचायला जागा कुठे आहे, ते बाबांनाही माहीत आहे.

मला रडूच येत होतं, आणि काकूंसाठी रडतेय की स्वतःसाठी, ते कळत नव्हतं.

आई शिवणकाम करते. ब्लाऊजला हूक लावत बसली होती. मान वर न करता म्हणाली,

"वाचनालय किती वाजता उघडते?"

बाबा म्हणाले, "तू काय करतं तिथं जाऊन?"

"हूक-काजाचं काम हाय. इथं बसून केलं काय, अन् तिथं बसून केलं काय."

"तुले पुस्तकातलं काय समजन?"

आईने दोरा दातांनी तोडला.

"विमलबाई काय पुस्तकं वाचाले जात होती?"

बाबा माझ्याकडे वळले. म्हणाले, "त्या खुर्चीचा एक पाय हालते म्हनत होती ना तू? दादाले सांगजो, मी येऊन ठोकून देतो."

मी मुलींच्या ग्रुपवर लिहिलं, उद्या माझी आई येतेय. पहिला रिप्लाय आला, "मग बुधवारी माझी."

काकू, आज आम्ही सगळ्या घरी पोचलो.

उद्या वाचनालयात जातोय.

जय भीम, काकू.