सावडीचे रंग

आमच्या शेजारच्या काकांएवढा रंगांबाबत हट्टी माणूस अख्ख्या शहापूर तालुक्यात दुसरा नसेल, असं मला खरंच वाटतं. मी आमच्या घरातली पहिली कॉलेजात जाणारी, म्हणून कॉम्प्युटरवर तक्ते करायचं एक्सेल मला शिकायला मिळालं. काका ते आपले आपण शिकले, आणि बेरजांकडे त्यांनी कधी ढुंकूनही पाहिलं नाही. एक चौकट रंगवायची, मान मागे नेऊन बघायची, "उन्हात डोल्याला टोचंल" म्हणत पुन्हा रंगवायची. तयार हिरवा त्यांना चालत नाही. भाताचं ओलं रोप पडद्याला लावून ते हिरवा जुळवत बसतात आणि काकू ओरडतात, "अवो, चिखल गेला त्या मशीनीत!"

हा खटाटोप आवणीच्या सावडीसाठी. आज तुम्ही आमच्या शेतात भात लावायला या, उद्या आम्ही तुमच्याकडे येतो. कुणी कधी कुणाकडे जायचं, याचा तक्ता काका करतात आणि शहापुरात जाऊन रंगीत छापून देवळाच्या भिंतीला लावतात. प्रत्येक घराला एक रंग, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही कळतं. बायका तिथेच भांडायच्या. "काका, हा मातकट मला नको. घरात सून आली, जरा बरा रंग द्या!" एकदा अबोला धरलेल्या दोन भावांचे हिरवे इतके सारखे झाले की दोघंही एकाच शेतात हजर. दिवसभर पाठीला पाठ लावून त्यांनी रोपं लावली, पण दुपारी भाकरीला एकाच बांधावर बसले. काका म्हणाले, "रंग चुकला म्हनू नका. बरोबर लागला."

मग एकेक घर सुटत गेलं. कुणी शेत विकलं, कुणाची पोरं कंपनीत लागली. गेल्या वर्षी काकांचं, आमचं आणि आणखी एक, अशी तीनच घरं उरली होती. काकांचे गुडघे गेलेत. सावड मोडली तर त्यांचं शेत पडीक राहणार, हे आम्हाला माहीत होतं. तरी यंदा बाबांना रजा नाही आणि आईही पॅकिंगच्या कामाला लागली. बाबा म्हणाले, "तू सांग. माझ्याच्यानं होनार नाय."

मी गेले तेव्हा काका तक्ताच रंगवत होते. "बस गो. तुमचा निला जरा ताजा करतोय."

"काका, यंदा आमी सावडीत नाय."

"आई पन नाय?"

"नाय."

काका पुन्हा पडद्याकडे वळले. मग आमचा निळा पुसण्याऐवजी ते तो फिकट करू लागले, आणखी फिकट, आणखी. "पुसला तर कुठला होता ते मला याद राहनार नाय," ते म्हणाले. मी नीट पाहिलं, तर तक्त्यात सुटलेल्या घरांच्या अशा कितीतरी चौकटी होत्या, कोऱ्या कागदासारख्या दिसणाऱ्या.

"दिसतोय ना गो अजून?"

मला सगळं पांढरंच दिसत होतं.

"दिसतोय, काका."