आठवा पट्टा

शाळेतले सर दुकानात आले तेव्हा मी एका गिऱ्हाइकाशी भांडत होतो. खामगावात माझं बारदान्याचं दुकान आहे. जुनी पोती घ्यायची, झटकून, शिवून पुन्हा विकायची. सुरुवात डोक्यावर गठ्ठा घेऊन केली, आज दोन गोदामं आहेत. सोयाबीन निघायच्या दिवसांत दुकानात पाय ठेवायला जागा नसते. सरांनाही पोतीच हवी होती. निवृत्तीनंतर ते जानेफळला शेती करतात. पोती त्यांना मेहकरात घराजवळ मिळाली असती. तरी ते एवढ्या लांब माझ्याकडे आले, तीस वर्षांनी. मी त्यांना बसा म्हणालो, तेही चार लोक बघत होते म्हणून.

भिंतीवर टीव्ही चालू होता. आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धांचे दिवस होते आणि हमालांना भालाफेक बघायची होती. भाला संपला आणि पुरुषांच्या आठशे मीटरची अंतिम शर्यत आली. ही शर्यत मी कधी बघत नाही. मी रिमोट शोधला, तर तो सरांच्या मांडीजवळ. त्यांनी दिला नाही. म्हणाले, राहू दे, बघू.

मी दहावीत असताना आठशे मीटर पळायचो. सर भूगोल शिकवायचे आणि शाळेत खेळाचा मास्तर नव्हता म्हणून खेळही त्यांच्याकडेच होते. मैदान नव्हतं. आम्ही गाडीवाटेच्या पांदीनं पळायचो, वावराच्या बांधावरून, धुऱ्यावरून पळायचो. आमच्या गावची शर्यत म्हणजे मारुतीच्या पारापासून जिनिंगच्या फाटकाला हात लावून परत. मधे कोणी कुठून जावं याला नियम नव्हता. कोणी वावरातून आडवा घुसला तर लोक त्याच्या अकलेला टाळ्या वाजवायचे. तालुक्याला, जिल्ह्यालाही चुन्याची एकच गोल रेघ असायची, सगळे एकाच ओळीत उभे. तिथं जिंकत जिंकत मी राज्याच्या स्पर्धेला पोचलो. सर सोबत होते.

तिथं पट्टे होते. चिठ्ठीत मला आठवा निघाला, सगळ्यात बाहेरचा. बाहेरचा फेरा मोठा असतो, हे नांगर धरणाऱ्याच्या पोराला शिकवावं लागत नाही. मी तिथल्या पंचाशी भांडायला लागलो. मले आतला पट्टा द्या, नाही तर सगळ्यायले बाहेर काढा. तो बिचारा समजावून थकला, शेवटी त्यानं माझं बखोट धरलं आणि मला सगळ्यात आतल्या पोराच्या पुष्कळ पुढं नेऊन उभं केलं. मधे दोन बैलगाड्या उभ्या राहिल्या असत्या एवढं पुढं. मला वाटलं, सौदा पटला. पट्टा बदलत नाही म्हणून त्यानं अंतरात सूट दिली. भाव करायला कधी लाजू नये, हे मी त्या दिवशी शिकलो आणि पुढं त्याच्यावरच पोट भरलं.

बार झाला आणि मी धुऱ्यावरून घुसावं तसा सरळ आतल्या पट्ट्यात घुसलो. दोन्ही फेऱ्या सगळ्यांच्या पुढं होतो. सरांनी टोपी वर फेकलेली मला दिसली. मग भोंग्यावर निकाल सांगितला. पहिलं वळण संपेपर्यंत आपला पट्टा सोडायचा नसतो, मी सोडला, म्हणून बाद.

मी तिथंच सरांवर तुटून पडलो. नियम सांगणं कोणाचं काम होतं? गावात आलो आणि बापाला घेऊन शाळा कमिटीपुढं उभा राहिलो. सरांनी मला काहीच सांगितलं नव्हतं, असं चारचौघांत ओरडून सांगितलं. कमिटीनं त्यांच्याकडून खेळ काढून घेतले. मी पुन्हा पळालो नाही. पुढं आयुष्यात जे मिळालं नाही ते सगळं मी त्या एका दिवसाच्या आणि त्या एका माणसाच्या नावावर टाकत आलो. दुकानात भडकलो की बायको म्हणते, पुन्हा आठवला वाटते तुम्हाले तो मास्तर.

टीव्हीवर आठ जण उभे राहिले. तिरपे, एकाच्या पुढं एक. आपल्या देशाचा गडी आठव्या पट्ट्यात होता, सगळ्यांच्या पुढं, कोणाशी न भांडता. वळण जिथं संपतं तिथं रेघांवर छोटे शंकू ठेवले होते. कॅमेरा त्यांच्याजवळून फिरला आणि मी पोत्यावरचा हात काढला.

आमच्या वेळी शंकू नव्हते, लाल झेंड्या होत्या. एक पंच बाकीच्या सातही पोरांना त्या झेंड्यांकडे हात करून काही तरी दाखवत होता. तो दोनदा बोलला. मी दुसऱ्या पंचाची बाही धरून भांडत होतो. हे मला त्याच क्षणी आठवलं, असं म्हणायला मी तयार आहे. पण आधीही कधी तरी आठवलं असेल आणि मी ते पोत्याखाली सरकवलं असेल, तर तेही नाकारत नाही.

बार झाला. शंकूंपर्यंत एकानंही रेघ ओलांडली नाही. मग सगळे एकदम आत आले, थवा वळावा तसे. आपला गडी शेवटच्या वळणापर्यंत दुसरा होता, मग चौथा आला. हमाल हळहळून कामाला गेले.

सर टीव्हीकडे बघतच बोलले. "माही चूक होती. मले तो नियम माहीतच नव्हता. त्या दिवशी तुह्याबरोबरच मले समजला. हे सांगाले आलो. पोते काय, मेहकरातई भेटतात."

तीस वर्षं मी याच वाक्याची वाट बघत होतो. हे वाक्य आलं की आपण काय काय ऐकवायचं, याची माझी तयारी होती. पण समोरच्यानं न मागता पूर्ण भाव दिला की माल पुन्हा एकदा तपासावा लागतो.

मी म्हणालो, "सर, पुरी तुमची नाही. तिथं पंच सांगत होता. म्या ऐकलं नाही. भांडत होतो."

ते माझ्याकडे वळले. मला वाटलं होतं हसतील, पाठीवर हात ठेवतील. त्यांचा चेहरा रागानं काळवंडला. त्यांना रागावलेलं मी शाळेतही पाहिलं नव्हतं.

"सांगत होता? अन् हे कमिटीपुढं काऊन नाही बोलला बे?"

त्यांनी सांगितलं, खेळ गेले त्यानंतर वीस वर्षं ते शाळेत होते, पण पोरं पळायची त्या पांदीच्या बाजूची खिडकी लावून शिकवायचे. मग म्हणाले, त्या कमिटीतले दोघं जण अजून जिवंत आहेत, जानेफळला त्यांच्यासमोर येऊन बोल.

मी घासाघीस केली. सवय आहे. फोनवर बोलतो म्हणालो. सीझन उरकल्यावर येतो म्हणालो. नियम मास्तरला माहीत असायलाच हवा होता, निम्मी चूक तुमचीच, हेही म्हणालो, आणि ते मी आजही म्हणतो. सरांनी मान्य केलं. "निम्मी माही. ते मीच सांगीन तिथं. तुही तू सांग. रविवारी." बाकी ते एक अक्षर खाली उतरले नाहीत. आमच्या बाजारात असा माणूस मी पाहिलेला नाही.

रविवारी मी जानेफळला गेलो. सरांच्या ओट्यावर ते दोघं म्हातारे खुर्च्यांवर बसले होते. आधी सर बोलले, मग मी. बोलून झाल्यावर त्यांतल्या एकानं कानामागं हात धरला, त्याला ऐकू आलं नव्हतं. मी सरांकडे पाहिलं. ते समोर रस्त्याकडे बघत होते, मदत करणार नव्हते. मग मी उठून त्याच्या कानाजवळ गेलो आणि सगळं पहिल्यापासून मोठ्यानं सांगितलं. रस्त्यानं जाणारे दोघंतिघं थांबले, त्यांनीही ऐकलं.