मुकं ठेवलेलं लेकरू

आणीबाणी उठली त्या सालची गोष्ट. नंदगडच्या पलीकडं, रानाच्या कडेला राजाबाईचं घर होतं. घरात नवरा रवळू, दोन म्हशी आणि एक तान्हं लेकरू. पण वाटेनं जाणाऱ्याला वाटावं, आत कुणी राहतच नाही. म्हशी तेवढ्या बोलायच्या.

राजाबाईची आधीची दोन गेली होती. थोरला मुलगा भिंतीकडच्या कोपऱ्यात तिच्यासमोर बसून आपडी-थापडी खेळला, खदखदून हसला आणि दुसऱ्या दिवशी तापानं फणफणला. त्याच्या पाठची पोरगीही त्याच कोपऱ्यात उचकी लागेपर्यंत हसली, आणि तिनंही आठवडा पुरा केला नाही. ताप कशाचा, ते कुणी सांगितलं नाही. मग राजाबाईनं आपल्या मनाशीच ठरवलं, की जे लेकरू हसतं त्याचा पत्ता लागतो. कुणाला लागतो, ते तिनं कधी तोंडानं उच्चारलं नाही. पण केर काढतानाही तिची केरसुणी त्या कोपऱ्यापर्यंत जायची नाही.

तिसऱ्याच्या वेळी शेजारच्या गुणाबाईनं रीतीप्रमाणं सगळं केलं. पोर उकिरड्यावर ठेवलं, गुणाबाईनं उचललं, आणि राजाबाईनं सूपभर कोंडा देऊन ते तिच्याकडून विकत घेतलं. नाव ठेवलं भिकू. दुसऱ्याचं पोर म्हटल्यावर नजर कशी लागणार? एवढ्यावर बाकीच्या बायकांचं भागतं. राजाबाईचं भागलं नाही. तिनं अंगाई म्हटली नाही, टाळी वाजवली नाही. पाजतानाही तिचे डोळे त्या कोपऱ्याकडं. रवळूनं हौसेनं खुळखुळा आणला, तर तो तिनं भाताच्या कणगीत पुरून टाकला.

भिकू अंगानं भरला. रडणं नाही, हुंकार नाही. बायका म्हणायच्या, "किती गुणाचं पोर गं!"

"असणारच की. माझं हाय," गुणाबाई म्हणायची. "कोंडा परत देतो, पोर आण हिकडं."

दर गुरुवारी सरकारी दवाखान्यात लहान मुलांना डोस आणि सुई असायची. गुणाबाई राजाबाईला ओढूनच घेऊन गेली. नवी डॉक्टरीणबाई धारवाडकडची, मराठीला कानडी हेल. तिनं भिकूचं वजन केलं, कानाजवळ टाळी वाजवली, लाल बांगडी डोळ्यांपुढं फिरवली. भिकू टाळीकडं वळला, बांगडीकडंही त्यानं बघितलं. तिच्या तोंडाकडं मात्र बघेना.

"वजन छान, कान छान," ती म्हणाली. "पण हा माणसाकडं का बघत नाही? घरी याच्याशी कोण बोलतं?"

गुणाबाईच बोलली, "न्हाय बोलत ती, बाई. दोन गेली तिची. हसवलं की जातंय म्हणती."

डॉक्टरीणबाई हसली नाही, रागावलीही नाही. "सुईनं आजार अडतो. पण बोलणं सुईत भरता येत नाही, अक्का. न्हाऊ घालताना, पाजताना ते तुम्हीच द्यायचं. नाहीतर पोर जगेल, पण असंच मिटलेलं राहील."

"घरात जमायचं न्हाय," राजाबाई म्हणाली. "घरात ऐकतंय."

"कोण?"

राजाबाईनं भिकूला उचललं आणि ती दाराकडं वळली.

बाहेर व्हरांड्यात सुई टोचलेली पोरं टाहो फोडत होती, आया एकमेकींवर ओरडत होत्या. त्या गलक्यात राजाबाई थबकली. इथं कुणाचं बोलणं कुणाला कळणार? तिनं भिकूच्या कानाशी तोंड नेलं आणि हळूच म्हणाली, "माझं हायस रं तू."

पुढच्या गुरुवारी ती परत हजर. कंपाउंडर यल्लाप्पा वैतागला. "आज तुझ्या पोराची सुई न्हाय. कशापायी आलीस?"

"बोलाय आलो."

"बोलाय? हितं काय बाजार भरलाय?"

"राहू दे, यल्लाप्पा," आतून डॉक्टरीणबाई म्हणाली. "तोही डोसच आहे. एक चटई टाक."

चटईवर मग बाकीच्या आयाही टेकू लागल्या. राजाबाई एका टोकाला बसायची आणि हात पसरून म्हणायची, "ये रं, ये." भिकू आधी तिच्या तोंडाकडं बघू लागला, मग रांगत येऊ लागला. एका गुरुवारी तो खळखळून हसला, आणि राजाबाईनं झटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला. तो आठवडा तिनं त्याच्या कपाळावरचा तळवा काढला नाही. ताप आला नाही.

पण घर तसंच मुकं राहिलं.

एका दुपारी ती तांदूळ पाखडत होती. भिकू रांगत रांगत त्या कोपऱ्यापाशी गेला. बसला. रिकाम्या भिंतीकडं दोन्ही हात पसरले आणि म्हणाला, "ये. ये."

त्याचा हा पहिला शब्द. राजाबाईच्या हातातलं सूप निसटलं. त्याचं तोंड दाबायला ती धावली, आणि मध्येच थांबली. भिकूचे हात अजून पसरलेलेच होते. कुणी येईना, तसा त्याचा ओठ वाकडा व्हायला लागला. पसरलेले हात हळूहळू खाली यायला लागले.

हे हात एकदा खाली गेले, की पुन्हा वर यायचे नाहीत, एवढं तिला कळलं.

ती कोपऱ्यात शिरली. भिंतीला पाठ लावून बसली, दोन्ही बाजूंना एकेका लेकरापुरती जागा सोडून. भिंत गार लागली.

"आलो रं," ती मोठ्यानं म्हणाली. "आलो."

भिकू हसला. घरभर हसला.

कुंपणापलीकडून गुणाबाईनं हाक दिली, "राजाबाई, कोण आलंय गं घरात?"

राजाबाईनं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं.

"घरचीच हाईत," ती म्हणाली.