कस्तुराबाई आणि फुकटचा पहारेकरी

कस्तुराकाकूंच्या कॉम्प्युटरमधलं मराठी मी पुसलं. मुद्दाम नाही, चांगलं करायला गेलो आणि पुसलं. त्यांचं मशीन सुरू व्हायला फार वेळ घेतं म्हणून नेटवरून एक फुकटचं अँटिव्हायरस आणून बसवलं. त्यानं सगळं मशीन धुंडाळलं आणि लाल अक्षरात कळवलं की आत एक चोर आहे, तुम्ही दाबलेली बटणं तो चोरून बघतो. मी छाती फुगवून ‘कायमचं पुसा’वर टिचकी मारली. तो चोर म्हणजे काकूंचं टायपिंगचं सॉफ्टवेअर होतं. इंग्रजी कीबोर्डवर जुन्या टाइपरायटरसारखं मराठी उमटवायचं तर प्रत्येक बटण त्याला आधी बघावंच लागणार. एवढी अक्कल मला नंतर आली.

उमरग्यात तहसील कचेरीसमोर पत्र्याच्या शेडमध्ये काकूंचं टेबल आहे. नवरा गेल्यावर भाऊ म्हणाला, बाईमाणसानं रस्त्यावर बसून अर्ज टाइप करायचे का? काकू दुसऱ्या दिवशी टेबल घेऊन आल्या. पुढं टाइपरायटर गेला, कॉम्प्युटर आला. बोटं मात्र टाइपरायटरवर शिकलेलीच राहिली.

मी मराठी पुसलं त्याच्या दुसऱ्या सकाळी मला बोलावणं आलं.

“रणधीर, माझं मराठी कुठंय?”

“काकू, व्हायरस होता तो.”

“त्या व्हायरसवर दोन पोरी शिकवल्या मी. परत आण.”

आणायचं कुठून? ज्यानं ते बनवलं त्याची वेबसाइट कधीच बंद पडलेली. तसलीच दुसरी दोन-तीन बसवून बघितली. एकात ‘ळ’ भलतीकडं, एकात रफार सापडेना. काकूंची बोटं उचलायची आणि हवेतच थांबायची. तसं त्यांना मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि ते काही बघवत नव्हतं.

शेजारी दिग्विजयचं ऑनलाइन सेंटर. तो दारात येऊन उभा राहिला. “काकू, मोबाईलमध्ये बोला की. आपोआप उमटतंय. बोटं कशाला झिजवताय? आन् ती तुमची खुर्ची द्या मला, गिऱ्हाइकाला बसायला खुर्च्या कमी पडतेत.”

“खुर्ची मागायला आलास व्हय? थांब जरा. गिऱ्हाईक बसलंय माझं.”

ते गिऱ्हाईक म्हणजे धुरपताबाई. दिरानं त्यांच्या वाटणीची जमीन गुपचूप स्वतःच्या नावावर लावायला टाकली होती. त्यावर हरकत घ्यायची, आणि मुदत आजच संपत होती. दीर कुठं होता? दिग्विजयच्याच बाकड्यावर, चहा पीत. एवढ्या जवळ की मोबाईलला सांगितलेलं त्यालाच आधी ऐकू गेलं असतं.

“बोलू व्हय मोठ्यानं?” धुरपताबाई पदराआडून पुटपुटल्या. “त्यो बसलाय की तितं.”

काकू दिग्विजयला म्हणाल्या, “इथं माणसं कानात सांगत्यात, बाबा. भोंग्यावरून न्हाय.”

“मग हातानं लिहा.”

“माझं अक्षर बरं असतं तर टायपिंग कशाला शिकले असते?”

मी लिहून देतो म्हणालो. काकूंनी माझ्या दोन ओळी बघितल्या आणि कागद काढून घेतला.

मग एकदम आठवून त्यांनी ड्रॉवरच्या तळातून साडीच्या चिंधीत गुंडाळलेली एक सीडी काढली. ते सॉफ्टवेअर विकत घेतलं तेव्हाची. मशीनचा सीडी ड्राइव्ह मात्र मेलेला. मी पळत बसस्टँडमागं खाजाभाईंकडं गेलो. मिक्सरपासून टीव्हीपर्यंत सगळं दुरुस्त करणारा माणूस. त्यांच्याकडं बाहेरून जोडायचा ड्राइव्ह होता.

“ले जा,” खाजाभाई म्हणाले, “पण सांजच्याला परत. तुमा पोरांना दिलेली चीज परत यायला लई लाजती.”

ड्राइव्ह जोडला, सीडी फिरली, आणि त्या फुकटच्या पहारेकऱ्यानं, अँटिव्हायरसनं, पुन्हा लाल खिडकी उघडली.

“काकू, परत चोर म्हणतंय.”

“त्याला विचारलं कुणी? घर कुणाचं, चोर कोण, हे ह्यानं ठरवायचं का? हाकल त्याला.”

हाकलायला गेलो तर ते जाईना. पडद्यावर इंग्रजीत आलेलं मी मराठीत सांगितलं, “काढलं तर तुमचा कॉम्प्युटर धोक्यात येईल म्हणतंय. खात्री हाय का, विचारतंय.” पुढच्या खिडकीत: आजच पैसे भरा, पूर्ण संरक्षण निम्म्या किमतीत.

काकू हसल्या. “आधी भ्या दाखवायचं, मग सवलत द्यायची. असले एजंट रोज ह्या कचेरीच्या फाटकात बघते मी. सरक बाजूला.” त्यांनी माउस माझ्या हातातून घेतला आणि स्वतः दाबलं. एकदा दाबून भागलं नाही. त्यांनी तीनदा दाबलं, तिसऱ्यांदा जरा जोरातच.

मराठी आलं. काकूंनी आधी नुसता ‘ळ’ दाबून बघितला. मग कान धुरपताबाईंकडं केला आणि बोटं सोडली. शेडमध्ये बटणांचा आवाज तेवढा, आणि मधूनच धुरपताबाईंचं कुजबुजणं. अर्ज छापला, अंगठा झाला, बाई दिरासमोरून कचेरीत गेल्या आणि पोच घेऊन बाहेर आल्या.

दीर उठून आला. “काय टाइप केलं वो तिनं?”

“ज्याचा अर्ज, त्याला विचारा. तुमचा करायचा असंल तर बसा, नंबर येईल.”

तो बसला नाही. दिग्विजयही आत गेला. खुर्चीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

त्या अँटिव्हायरसनं जाता जाता एक पान उघडून ठेवलं होतं: तुम्ही आम्हाला का सोडलंत? खाली रिकामी चौकट. मी बंद करायला गेलो तर काकूंनी हात धरला, आणि लिहिलं: “आपण माझ्या मशीनमध्ये येऊन माझ्याच कामाच्या माणसाला चोर ठरविले व माझी खुर्ची जायची वेळ आणली. सबब आपणांस काढून टाकले आहे. परत येऊ नये.”

“काकू, शेवटी ‘ही विनंती’ ऱ्हायलं.”

“ऱ्हायलं न्हाय. लिहिलं न्हाय.”

संध्याकाळी मी ड्राइव्ह मागितला. काकूंनी तो सीडीसकट ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं.

“खाजाभाईंचा हाय तो, काकू.”

“माहीत हाय. पण तू उद्या परत काय चांगलं करशील, त्याचा भरवसा न्हाय.”

याला आता बरेच दिवस झाले. खाजाभाई माझी वाट बघतायत, आणि मी बसस्टँडला लांबच्या बोळातनं जातोय.