बिनखताचा पट्टा

हे मी आजवर कोणाजवळ काढलं नाही. माहेरी नाही, आमच्या ह्यांच्याजवळ नाही. देवापुढे हात जोडले, पण तिथंही जीभ उचलली नाही. तू मला ओळखत नाहीस, म्हणून तुझ्याजवळ लिहिते.

मी चौथी शिकलेली. चारचौघींत बसले तरी बोलत नाही. लोक म्हणतात, थोरली गरीब आहे. गरीब म्हणजे काय — तोंड बंद ठेवणारी? आत काय चालतं ते कोणाला दिसतं?

वंदना माझी धाकटी जाऊ, बारावी झालेली. दोघा भावांची वाटणी झाली, त्यांच्या आणि आमच्या शेतात फक्त एक धुरा, मातीचा बांध. कालव्याचं पाणी दोन्हीकडे, गहू दोन्हीकडे. ती मोठ्यानं हसते. साहेब लोकांशी बोलताना पदर सावरत नाही की खाली बघत नाही. एकदा जेवता जेवता आमचे हे म्हणाले, "धाकटीचं डोकं चालते बा." सहज म्हणाले. भाजी वाढताना मी ऐकलं. माझ्याबद्दल असं कधी म्हणाले होते का? तू विचारशील, एवढ्याशा बोलण्याचं काय? एवढ्याशाचंच झालं.

मग कृषी सहायकांनी तिचं शेत निवडलं. गव्हात पट्टे पाडायचे — एका पट्ट्यात नेहमीएवढा युरिया, एकात निम्मा, आणि धुऱ्यालगतच्या पट्ट्यात काहीच नाही. त्या बिनखताच्या पट्ट्यावरून कळतं म्हणे, की जमीन स्वतः पिकाला किती देते. तो पिवळा पडला तर खत लागतंच. बाकीच्यांसारखाच हिरवा राहिला तर आपण उगाच जास्त टाकतो. पट्ट्यांच्या कडेला वंदनानं तुराट्या रोवल्या, त्यांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या. गहू भरात आला की साहेब गावातल्या बायांना तिच्या शेतावर आणणार होते. तिच्या शेतावर.

मला एकच गोष्ट चांगली येते. युरिया फेकायला माझा हात सारखा पडतो. दुसऱ्या कोणी फेकला की गव्हात गडद-फिके डाग उठतात, माझ्या हाताचे उठत नाहीत. म्हणून तिनं मलाच बोलावलं. "ताई, तुमच्यासारखा हात कोणाचाच नाई. हा धुऱ्याकडचा पट्टा तेवढा सोडजा." मी सोडला. खरंच सोडला — त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या गव्हात युरिया देत होते. दुपारी सगळे भाकरी खायला लिंबाखाली गेले. माझ्या ओटीत युरिया होता. धुऱ्यावर उभी राहिले. पलीकडे तिच्या चिंध्या हलत होत्या. मी धुरा ओलांडला. घाईघाईनं फेकलं असतं तर डाग उठले असते, लोकांना शंका आली असती. मी घाई केली नाही. हात सारखा ठेवला. जमीन ओली होती, दाणे विरघळून गेले. मला इतकंच हवं होतं, की पट्ट्यांत फरक दिसू नये, बायांना दाखवायला तिच्याजवळ काही उरू नये आणि तिचं हसं व्हावं.

पण झालं उलटंच. साहेब आले, बाया आल्या. धुऱ्याकडचा पट्टा बाकीच्यांएवढाच हिरवा. साहेब म्हणाले, जमिनीत ताकद आहे, पुढच्या वर्षी निम्म्यावर या. बायांनी वंदनाभोवती गराडा घातला. मी मागं उभी. माझ्याच हातानं तिचा मान वाढवला होता — जळणाऱ्याला यापेक्षा जास्त काय जाळणार?

आता खरं सांगते. पट्ट्यात खत टाकलं, ते एका दुपारचं पाप. त्यानंतर वर्षभर माझं तोंड माझ्याजवळच होतं ना? पुढच्या पेऱ्याला वंदना घरात हट्टाला पेटली. साहेब निम्म्यावर म्हणाले होते, तिनं त्या हिरव्या पट्ट्याच्या भरवशावर भावजींना त्याहूनही कमी खत आणायला लावलं. आमचे हेही म्हणाले, आपणही खत कमी करू. मी कधी नाही ते बोलले — "नाई, आपण पूर्ण टाकू." त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, मनात येते.

धुऱ्याच्या अलीकडे आमचा गहू काळाभोर हिरवा, पलीकडे तिचा पिवळट, विरळ. मागून तिनं युरिया टाकला, पण वेळ गेली होती. रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. भावजी चारचौघांत म्हणाले, बायकोच्या डोक्यानं चालला तर असंच होते. तेव्हापासून त्यांनी तिला शेतातलं काही विचारलं नाही.

एका संध्याकाळी ती माझ्या चुलीपाशी येऊन बसली. रडली नाही. म्हणाली, "ताई, तो पट्टा खरंच हिरवा होता ना? का मलेच तसं दिसलं?"

तिला स्वतःच्या डोळ्यांचा भरवसा राहिला नव्हता. मी नुसतं 'होता' म्हटलं असतं तरी चाललं असतं. तेवढंही दिलं नाही. म्हटलं, "मले आता आठवत नाई."

ती मोठ्यानं हसते, असं वर लिहिलं. आता हसत नाही.

आणि मला हवं ते मिळालं. आमचे हे आता मला विचारल्याशिवाय काही पेरत नाहीत. परवा ओसरीवर त्यांनी, भावजींच्या देखत, विचारलं, "तू सांग वं, युरिया किती आणू?" मी सांगितलं. वंदना तिथंच तूर निवडत बसली होती. भावजी तिला म्हणाले, "घे, शिक थोरलीजवळून." तिनं मान हलवली, आणि मला विचारलं — किती म्हणाल्या ताई? मी पुन्हा सांगितलं.